टायर बोलतो, आपण ऐकतो का?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आपल्याकडे बंडीच्या लाकडी चाकावर लोखंडाची धाव चढवत असत. लोहार ती धाव लालभडक तापवायचा, चाकावर बसवायचा आणि वरून पाणी ओतायचा. थंड होताना धाव आवळायची आणि चाकाला घट्ट धरून ठेवायची. पुढे बंडी वर्ष-दोन वर्षं चालली की गावातला जाणता माणूस नुसत्या धावेकडे पाहून सांगायचा, 'आस वाकला आहे,' किंवा 'तुंबा ढिला झालाय, चाक लचकतं.' धाव एका काठाला जास्त झिजलेली दिसली, की त्याला चाकाचं दुखणं कळायचं.

आता दारात बंडीच्या जागी मोटार आली. लोखंडी धावेच्या जागी रबरी टायर आला. नियम मात्र तोच राहिला. चाक जसं चालतं, तशी त्याची धाव झिजते. टायर सगळीकडून सारखा झिजला तर समजावं की गाडी निरोगी आहे. एका बाजूने, मधोमध किंवा तुकड्यातुकड्यांनी झिजला, तर तो काहीतरी सांगतो आहे. आपण मात्र 'टायर खराब निघाला' म्हणून कंपनीला दोष देतो आणि नवा टायर घालतो. सहा महिन्यांनी नवाही तसाच झिजतो. वऱ्हाडीत यालाच म्हणतात, दुखनं हेल्याले अन् दवा पखालीले.

कविता लिहिणाऱ्या माणसाने टायरवर का बोलावं, असं कुणी विचारील. कारण साधं आहे. कविसंमेलनं आणि मुशायरे रात्री उशिरा संपतात. परतवाड्याहून, अकोटहून, कारंज्याहून अंधारात परतताना गाडीत चार-पाच जिवाभावाची माणसं असतात. त्या सगळ्यांचा भार चार टायरवर असतो, आणि प्रत्येक टायर एका वेळी रस्त्याला जेमतेम तळहाताएवढ्या जागेतच टेकलेला असतो. म्हणजे आपण सहकुटुंब चार तळहातांवर बसून ताशी ऐंशी-शंभरच्या वेगाने जात असतो. ते तळहात कसे आहेत, हे पाहणं कवीचंही काम आहे आणि तुमचंही.

आपला मुलूख, आपले रस्ते

टायरच्या दृष्टीने वऱ्हाड हा कठीण मुलूख आहे. पहिली गोष्ट उन्हाची. अकोल्याचा पारा मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर जाणं ही काही बातमी राहिलेली नाही. डांबर तर हवेपेक्षाही जास्त तापतं. दुसरी गोष्ट मातीची. पूर्णेच्या खोऱ्यातली काळी जमीन पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर भागातले कितीतरी रस्ते अशा जमिनीवर आहेत. खालची माती दर वर्षी फुगते आणि आकसते, म्हणून वरचा रस्ता लाटांसारखा होतो, कडा खचतात, खड्डे पडतात. समोरून ट्रक आला की आपण एक चाक कडेच्या खाली उतरवतो आणि पुन्हा वर चढवतो. त्या प्रत्येक धक्क्यात चाकाची ठेवण थोडी थोडी बिघडत जाते.

तिसरी गोष्ट घाटाची. चिखलदऱ्याला किंवा सेमाडोहवरून धारणीला जाणारी गाडी तासभर वळणंच घेत असते. वळणावर भार बाहेरच्या टायरच्या बाहेरच्या काठावर येतो, त्यामुळे तो काठ आधी घासतो.

आणि चौथी गोष्ट नव्या रस्त्यांची. अमरावती-अकोला हा राष्ट्रीय महामार्ग ५३ चा तुकडा जून २०२२ मध्ये जगभर गाजला. इथे ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकला गेला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. त्याच वर्षी ११ डिसेंबरला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला, आणि ५ जून २०२५ ला शेवटचा टप्पा खुला होऊन ७०१ किलोमीटरचा अख्खा रस्ता पूर्ण झाला. रस्ते चांगले झाले हे खरंच. पण वेग वाढला. खड्ड्याच्या रस्त्यावर चाळीसने चालणाऱ्या गाडीचा जो आजार लपून राहायचा, तो आता १२० च्या वेगाने उघडा पडतो. त्या वेगात लहान मोटारीचं चाक सेकंदाला अठराच्या आसपास फेऱ्या मारतं. टायरमध्ये हवा कमी असेल तर प्रत्येक फेरीला त्याची कूस दबते आणि सुटते. तार एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवली तर ती गरम होते, तसाच टायर आतून तापत जातो. मग तो फुटतो आणि आपण म्हणतो, 'नशीब!' टायरच्या तपासणीची गरज परिवहन विभागालाही वाटली. २०२३ मध्ये समृद्धीवर येणाऱ्या गाड्यांचे टायर तपासण्याची मोहीम सुरू झाली, ती याच कारणाने.

पाच खुणा, पाच आजार

हकीम नाडी पाहतो आणि जीभ बघतो. टायर पाहताना नाडीसाठी तळहात आणि जिभेसाठी डोळे वापरायचे. गाडी सपाट जागी उभी करावी, हँडब्रेक ओढावा, स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवावं. पुढचं चाक बाहेर डोकावतं आणि टायरचा आतला काठही दिसतो. हा आतला काठच बहुतेक लोक कधी पाहत नाहीत.

पहिली खूण : दोन्ही काठ झिजलेले आणि मधली नक्षी शाबूत. याचा अर्थ हवा कमी. हवा कमी असली की टायरचा मध्य आत दबतो आणि भार दोन्ही खांद्यांवर येतो. गाडीत लग्नाची सात माणसं, डिकीत आहेराची भांडी आणि टपावर गाद्या असतील तर हवा पुरेशी असूनही तीच अवस्था होते, कारण भार वाढला म्हणजे तीच हवा कमी पडते.

दुसरी खूण : मधला पट्टा झिजलेला आणि काठ नव्यासारखे. हे हवा जास्त भरल्याचं लक्षण. टायर फुग्यासारखा मधोमध फुगतो आणि तेवढाच भाग रस्त्याला टेकतो. 'जास्त हवा भरली की ॲव्हरेज वाढतं' असं ऐकून पाच-सात पीएसआय जादा भरणारे बरेच आहेत. पेट्रोलचे चार पैसे वाचतात, टायरचे हजार जातात आणि ब्रेकची पकडही कमी होते.

तिसरी खूण : फक्त एकच काठ झिजलेला, पण हात फिरवला तर गुळगुळीत. याला मिस्त्री 'कॅम्बर'चा दोष म्हणतात. समोरून पाहताना चाक उभं असावं तसं उभं नसून वर आत किंवा बाहेर कललेलं असतं. बहुतेक लहान मोटारींत पुढच्या चाकाचा कॅम्बर बदलायची सोयच नसते. म्हणून कॅम्बर बिघडला तर समजावं की खड्ड्यात आपटून काही वाकलं आहे किंवा एखादा सांधा झिजला आहे. तो भाग दुरुस्त केल्याशिवाय इलाज नाही.

चौथी खूण : नक्षीवर आडवा हात फिरवला की करवतीच्या दातांसारखी धार लागते. एका दिशेने फिरवला तर मऊ, उलट फिरवला तर टोचतं. हा 'टो'चा दोष. वरून पाहिलं तर दोन्ही चाकं समांतर नसून त्यांची पुढची टोकं जवळ आलेली किंवा फाकलेली असतात. चालताना माणसाचे पंजे आत वळावेत किंवा बाहेर, तसं. तळहात बाहेरून आत नेताना मऊ आणि आतून बाहेर आणताना टोचत असेल, तर पंजे आत वळलेत. उलट असेल तर बाहेर.

हा दोष डोळ्याला दिसत नाही इतका लहान असतो आणि टायर मात्र भराभर खातो. थोडा हिशेब करू. चाक आपल्या दिशेपासून फक्त पाव अंशाने तिरपं असेल, तर ते दर किलोमीटरला जवळपास साडेचार मीटर आडवं घासलं जातं. अमरावती ते अकोला हे अंतर शंभरेक किलोमीटर धरलं, तर एका खेपेत तो टायर सुमारे ४३५ मीटर आडवा फरफटत गेला. खोडरबर कागदावर आडवं ओढावं तसं. आता रोज ये-जा करणाऱ्याचा महिन्याचा हिशेब तुम्हीच करा.

पाचवी खूण : टायरभर थोड्या थोड्या अंतरावर खोलगट डाग, वाटीने कोरल्यासारखे. हे सहसा शॉकअप थकल्याचं लक्षण. खड्ड्यातून गेल्यावर चाक रस्त्याला धरून राहायला हवं. शॉकअप मेला की ते चेंडूसारखं उड्या मारतं आणि प्रत्येक उडीला एक चटका उमटतो. चाकाचं बॅलन्सिंग बिघडलं किंवा बेअरिंग ढिलं झालं तरीही असे डाग पडतात. त्या वेळी ऐंशीच्या वर स्टिअरिंग थरथरतं किंवा टायरचा 'घूं घूं' आवाज वाढत जातो. एकाच जागी मोठा सपाट डाग असेल, तर जोरात ब्रेक मारून चाक जाम झालं आणि घसटत गेलं, असं समजावं.

एक फरक मात्र लक्षात ठेवावा. गाडी एका बाजूला ओढत असेल तर अलाइनमेंट, हवेचा फरक किंवा अडकलेला ब्रेक पाहावा. गाडी थरथरत असेल तर बॅलन्सिंग पाहावं. लोक दोन्हींना एकच समजतात आणि एकाचे पैसे देऊन दुसऱ्याची तक्रार करतात.

बाहेरून नवा, आतून गोटा

आमच्या मोहल्ल्यातला एक तरुण भाड्याची गाडी चालवतो. अमरावती-अकोला हीच त्याची रोजची वाट आणि रोजची भाकर. त्याने हप्त्यावर दोन नवे टायर घेतले. आठ महिन्यांनी पंक्चर काढायला डावं पुढचं चाक खोललं, तर टायर बाहेरून नव्यासारखा आणि आतल्या काठाला तारा दिसू लागलेल्या. आदल्याच रात्री तो याच टायरवर एका बाळंतिणीला घेऊन आला होता. ते आठवून तो बराच वेळ पंक्चरच्या दुकानाच्या बाकावर बसून राहिला.

त्याने टायर बदलला आणि अलाइनमेंट करून घेतली. संगणकाच्या पडद्यावर सगळे आकडे हिरवे आले. तीन महिन्यांत आतला काठ पुन्हा खाल्ला गेला. पुन्हा अलाइनमेंट, पुन्हा हिरवे आकडे. शेवटी एका जुन्या मिस्त्रीने गाडी जॅकवर चढवली, सळईने लोअर आर्मला टेकू देऊन हलवलं आणि म्हणाला, 'बुश फाटलाय.' गाडी उभी असताना चाक सरळच दिसत होतं, म्हणून यंत्राने बरोबर मापलं. पण रस्त्यावर ब्रेक दाबला की फाटलेल्या बुशमुळे आर्म मागे सरकायचा आणि चाकाचा पंजा फिरायचा. उभ्या माणसाचा फोटो काढून तो लंगडतो का हे कसं कळणार? तो मला म्हणाला, 'चाचा, पैसा टायरवर गेला अन् आजार बुशमध्ये होता.' बुशची किंमत टायरच्या किमतीपुढे किरकोळ असते.

यातून क्रम शिकावा. आधी चारही टायरमध्ये हवा बरोबर करावी. मग चाक उचलून बुश, बॉल जॉइंट, टाय रॉडची टोकं आणि बेअरिंग यांत खेळ आहे का ते पाहावं. ढिला भाग बदलावा. त्यानंतरच अलाइनमेंट. हा क्रम उलटा केला तर अलाइनमेंटचे पैसे वाया गेले म्हणून समजा. आणि काम झाल्यावर आधीच्या आणि नंतरच्या मापांचा कागद मागून घ्यावा. तो मागायला लाजायचं कारण नाही.

हवेचं गणित

झीज टाळण्याचा सगळ्यात स्वस्त उपाय हवा हाच आहे. किती भरायची, हे टायरच्या कुशीवर लिहिलेल्या आकड्यावरून ठरवू नये. तो टायर सोसू शकेल असा कमाल दाब असतो. आपल्या गाडीचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या कागदावर किंवा गाडीसोबत आलेल्या पुस्तिकेत असतो. बहुतेक ठिकाणी दोन आकडे असतात, एक रोजच्या भारासाठी आणि एक पूर्ण भरलेल्या गाडीसाठी.

हवा मोजायची ती टायर थंड असताना. गाडी तीनेक तास उभी असावी किंवा जेमतेम दोन किलोमीटर चाललेली असावी. तापमान साधारण साडेपाच अंशांनी बदललं की दाब एक पीएसआयने बदलतो. मे महिन्यातल्या पहाटेची आणि जानेवारीतल्या पहाटेची तुलना करा. पंधरा-वीस अंशांचा फरक सहज पडतो, म्हणजे तीनेक पीएसआय तिथेच कमी झाले. शिवाय चांगल्या टायरमधूनही महिन्याला साधारण एक पीएसआय हवा आपोआप झिरपते. उन्हाळ्यात हवा भरून दिवाळीनंतर पाहिलीच नाही, तर हुरड्याच्या दिवसांत गाडी अर्धपोटी टायरवर धावत असते.

उलट चूकही होते. भर दुपारी अकोल्याहून आलेली गाडी पंपावर उभी केली, दाब चार-पाचने जास्त दिसला आणि घाबरून हवा काढून टाकली. टायर तापला म्हणून दाब वाढणं हे स्वाभाविक आहे. गाडी बनवणाऱ्याने ते गृहीत धरलेलं असतं. गरम टायरमधली हवा काढली तर रात्री थंड झाल्यावर तो कमी हवेचा होतो आणि दुसऱ्या दिवशी जास्त तापतो.

नायट्रोजनविषयी पुष्कळ विचारलं जातं. तो वाईट नाही, थोडा हळू झिरपतो एवढंच. आपण फुकट भरतो त्या साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. नायट्रोजन भरला म्हणून तपासणी बंद करणाऱ्यापेक्षा साधी हवा भरून दर पंधरा दिवसांनी मोजणाऱ्याचा टायर जास्त टिकतो.

अदलाबदल आणि निरोप

आजच्या बहुतेक लहान मोटारींत इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना मिळते. ओढणं, वळवणं आणि ब्रेकचा मोठा भार, ही तिन्ही कामं पुढचे टायर करतात. ते लवकर झिजणं हा आजार नाही, कष्ट आहेत. जोडीतल्या एकाच बैलावर भार टाकू नये, तशी दर आठ-दहा हजार किलोमीटरला टायरची अदलाबदल करावी. अशा गाडीत पुढचे सरळ मागे आणि मागचे आडवे फिरवून पुढे, ही नेहमीची रीत. टायरच्या कुशीवर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असेल, तर मात्र त्याच बाजूला मागे-पुढे करावेत.

दोनच नवे टायर घ्यायचे झाले तर ते मागे लावावेत. बरेच जण पुढे लावतात. पहिल्या पावसात रस्त्यावर पाणी साचतं तेव्हा गुळगुळीत टायर पाण्यावर तरंगतो. पुढचा तरंगला तर गाडी वळत नाही, पण वेग कमी केला की बहुधा सावरते. मागचा तरंगला तर गाडी गर्रकन फिरते आणि साध्या चालकाला ती सावरत नाही.

टायरला निरोप कधी द्यायचा? नक्षीच्या खोल चरांत जागोजागी रबराच्या छोट्या आडव्या पट्ट्या असतात. नक्षी झिजून त्या पट्ट्यांच्या पातळीला आली की चर फक्त १.६ मिलिमीटर उरला. मोटारीसाठी ही शेवटची मर्यादा. आणि ती टायरच्या सगळ्यात झिजलेल्या जागी मोजायची, चांगल्या जागी नव्हे. कुशीवर फुगवटा आला, तार दिसली किंवा खोल चीर पडली तर नक्षी कितीही असो, टायर उतरवावा. कुशीवरच्या कंपनीच्या अक्षरांच्या शेवटी चार आकडे असतात. ३५२३ म्हणजे २०२३ सालचा पस्तिसावा आठवडा. जुनी गाडी किंवा 'नवा' टायर घेताना हे आकडे वाचावेत. आपल्या उन्हात रबर न चालताही म्हातारं होतं.

स्टेपनीलाही विसरू नका. हा शब्द वेल्समधल्या लानेली गावातल्या स्टेपनी रस्त्यावरून आला. तिथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जादा चाक बनवणारी मंडळी होती. तो रस्ता जगाला फारसा माहीत नाही, पण आपल्याकडे प्रत्येक ड्रायव्हरच्या तोंडी त्याचं नाव आहे. मात्र डिकीतल्या त्या पाचव्या चाकात हवा आहे का, हे आपण पंक्चर झाल्यावरच पाहतो.

आज रविवार आहे. सकाळी ऊन चढायच्या आत पंधरा मिनिटं काढा. पाचही चाकांची हवा मोजा, स्टिअरिंग वळवून आतले काठ पाहा, नक्षीवर आडवा हात फिरवा. घरातल्या मुलांनाही सोबत घ्या. पुढे याच गाड्या तेच चालवणार आहेत. काही टोचलं, खोलगट लागलं किंवा एक काठ गुळगुळीत दिसला, तर पुढच्या लांबच्या प्रवासाआधी मिस्त्रीला दाखवा आणि टायर दाखवताना विचारा, 'हा असा का झिजला?' या प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत नवा टायर घेऊ नका.